एका नांवाचे तीन जन्म

इंग्लंडच्या वायव्य भागांत लँकेशायर नांवाचा परगणा आहे. त्यांत ॲक्रिंग्टन म्हणून एक गांव आहे. वस्ती सुमारें ३५ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. पश्चिमेस ब्लॅकबर्न आणि पूर्वेस बर्नले. दोन्ही शहरें त्याहून मोठीं, आणि दोन्ही पांच-सहा मैलांच्या टप्प्यांत. अशा दोन बड्या शेजाऱ्यांमध्यें सांपडलेल्या गांवानें धंदेवाईक फुटबॉलचा संघ पोसावा, हेंच मुळांत धाडस. परंतु ह्या गांवानें तो एकदां नव्हे, तीनदां उभा केला. आज त्या संघाचें नांव ॲक्रिंग्टन स्टॅन्ली असें असून, ज्यांनीं त्याचा एकहि सामना पाहिलेला नाहीं अशा असंख्य इंग्रजांना तें तोंडपाठ आहे. हा लौकिक विजयांचा नव्हे. संघ मेला म्हणून तो प्रथम सर्वतोमुखीं झाला, आणि मेलेला संघ परत आला म्हणून ती प्रसिद्धि टिकली.

फुटबॉलचा क्लब म्हणजे वस्तुतः काय, हा प्रश्न वरवर पाहतां रिकामटेकड्याचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर त्याचें उत्तर सोपें नाहीं. खेळाडू चार-दोन वर्षांत बदलतात. मैदान विकलें जातें. क्लब चालविणारी कंपनी दिवाळ्यांत निघते. मालक येतात आणि जातात. मग ‘आमचा क्लब’ असें म्हणणारा मनुष्य नेमकें कशाकडे बोट दाखवितो? इतर गांवांना ह्या प्रश्नाचा विचार करण्याची सहसा पाळी येत नाहीं, कारण ह्या साऱ्या गोष्टी एकाच वेळीं नाहींशा होत नाहींत. ॲक्रिंग्टनमध्यें त्या तशा झाल्या.

हें गांव कापसावर वाढलें. कापडाच्या गिरण्या, चिटाची छपाई, आसपासच्या टेकड्यांतून निघणारी कठीण तांबडी वीट, आणि ह्या सर्वांवर हॉवर्ड अँड बुलो ह्या कंपनीचा ‘ग्लोब वर्क्स’ हा अवाढव्य कारखाना, अशी तेथील उद्योगांची मांडणी होती. ही कंपनी स्वतः सूत काढीत नसे. सूत काढण्याचीं यंत्रें बनवी. तिचीं रिंग-चात्यांचीं यंत्रें देशोदेशीं गेलीं, तशीं मुंबईच्या गिरण्यांतहि आलीं. गांवांतील हजारों कुटुंबांची चूल ह्या एका कारखान्यावर पेटत असे.

गिरणी आणि फुटबॉल ह्यांचें नातें केवळ योगायोगाचें नाहीं. इ. स. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानें कापड गिरण्यांतील काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें. आठवड्यांतील अर्धा दिवस कामगाराच्या स्वतःच्या मालकीचा झाला, आणि रविवार देवळाचा असल्यामुळें खेळाला शनिवारची दुपारच काय ती उरली. पिढी-दीड पिढींत लँकेशायरच्या प्रत्येक गांवीं एक मैदान आणि त्याभोंवतीं कांहीं हजार माणसांचें कडें दिसूं लागलें. लंडनच्या सुखवस्तु वर्गाच्या दृष्टीनें फुटबॉल हा सभ्य गृहस्थांचा हौशी खेळ होता व त्यासाठीं पैसे घेणें हें कमीपणाचें होतें. गिरणीकामगाराला हा सोंवळेपणा परवडण्यासारखा नव्हता. सामन्यासाठीं पाळी बुडाली कीं मजुरी बुडे. ती भरून द्यावयाची कोणी? तेव्हां लँकेशायरचे क्लब आपल्या खेळाडूंना गुपचूप पैसे देऊं लागले, आणि १८८३ सालीं ह्याच अपराधासाठीं फुटबॉल असोसिएशननें एका क्लबाला आपल्या पंगतींतून उठविलें. तो क्लब ॲक्रिंग्टनचा. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, असोसिएशनला धंदेवाईक खेळ मान्य करावा लागला. ज्या गोष्टीसाठीं ॲक्रिंग्टनला शिक्षा झाली तीच पुढें साऱ्या जगाची रीत बनली.

हा पहिला क्लब होय. त्याचें नांव नुसतें ‘ॲक्रिंग्टन’. अंगांत तांबडा सदरा, म्हणून लोक त्याला ‘जुने लाल’ म्हणत. १८८८ सालीं विल्यम मॅग्रेगर ह्या गृहस्थाच्या पुढाकारानें बारा क्लबांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. ठरलेल्या दिवशीं ठरलेला सामना व्हावयाचा, प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें आणि गुणांवरून क्रम लावावयाचा, ही आज सर्वांच्या अंगवळणीं पडलेली पद्धति तेव्हां नवी होती. त्या बारांपैकीं सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते, आणि एव्हर्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नले व प्रेस्टन ह्यांच्या मांडीला मांडी लावून ॲक्रिंग्टन बसला होता. पण गांव लहान आणि गल्ला त्याहून लहान. १८९३ सालीं शेफील्ड युनायटेडशीं झालेल्या निर्णायक सामन्यांत हार होऊन दुसऱ्या विभागांत उतरण्याची वेळ आली, तेव्हां उतरण्याऐवजीं क्लबानें लीगच सोडली. तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, तो मोडला. बारा संस्थापकांपैकीं अशा रीतीनें नामशेष झालेला हा पहिला.

दरम्यान गांवांत एक लहानसा संघ उगवला होता. स्टॅन्ली स्ट्रीट नांवाच्या गल्लींतील मंडळींनीं १८९१ सालीं ‘स्टॅन्ली व्हिला’ ह्या नांवानें तो काढला. एखाद्या आळीच्या पोरांनीं तालीम काढावी, तशांतला हा प्रकार. (त्याच वर्षीं इकडे मुंबईंत रोव्हर्स कपाची स्पर्धा सुरू झाली, फुटबॉल त्या काळीं किती वेगानें पसरत होता ह्याची एवढ्यावरून कल्पना यावी.) मोठा क्लब लीगमधून गेल्यावर ह्या आळीच्या संघानें गांवाचें नांव आपल्या नांवामागें जोडून घेतलें आणि तो ‘ॲक्रिंग्टन स्टॅन्ली’ झाला. म्हणजे पुढें ज्या नांवासाठीं इतके अश्रु ढाळले गेले, तें नांव मुळांत अर्धें वारसानें आलेलें होतें. मालक गेल्यावर शेजाऱ्यानें दार उघडें ठेवावें आणि हळूहळू घर त्याचेंच म्हणून ओळखलें जावें, तसें हें झालें. त्यांत कोणाला वावगें वाटलें नाहीं. गांवाला संघ हवा होता. कोणाचा, हा प्रश्न दुय्यम होता.

पहिल्या महायुद्धाची हकीकत येथें टाळतां येणार नाहीं, कारण ॲक्रिंग्टन हें नांव इंग्लंडला दोनच गोष्टींनीं ठाऊक आहे आणि दुसरी ही आहे. १९१४ च्या सप्टेंबरांत गांवाच्या नगराध्यक्षानें स्वतंत्र पलटण उभारण्याचें मनावर घेतलें. ग्लोब वर्क्समध्यें त्या उन्हाळ्यांत टाळेबंदी झालेली; कामाशिवाय बसलेले तरुण पुष्कळ होते. अवघ्या दहा दिवसांत पलटण भरली. एका गल्लींतील, एका यंत्राजवळील, एका संघांतील मुलें एकमेकांच्या शेजारीं उभीं राहतील, असें त्यांना आश्वासन होतें, आणि तें अक्षरशः खरें झालें. १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर, सेर नांवाच्या खेड्यासमोर, सुमारें ७०० जण खंदकांतून बाहेर पडले. अर्ध्या तासांत त्यांपैकीं २३५ ठार व ३५० जखमी झाले. हे सर्व एका ॲक्रिंग्टनचे नव्हते, आसपासच्या गांवांचेहि होते. पण पलटणीला नांव ॲक्रिंग्टनचें मिळालें आणि दुःखहि त्या नांवानें ओळखलें गेलें. माणसें जातात व नांव मागें राहतें, हा अनुभव त्या गांवाला फुटबॉलनें दिलेला नव्हे.

१९१९ सालीं स्टॅन्लीनें पील पार्क हें मैदान घेतलें आणि १९२१ सालीं लीगनें तिसऱ्या विभागाची उत्तर शाखा काढली तेव्हां तिच्यांत त्याचा प्रवेश झाला. आळीच्या संघानें तीस वर्षांत हा पल्ला गांठला. मात्र मुहूर्त चुकला. १९१३ सालीं इंग्लंडनें सुमारें सात अब्ज वार सुती कापड परदेशीं पाठविलें होतें व त्यांपैकीं जवळजवळ तीन अब्ज वार एकट्या हिंदुस्थानांत खपलें होतें. युद्धानंतर ही बाजारपेठ ढासळली. जपानची चढाओढ, हिंदुस्थान सरकारची वाढती जकात, स्वदेशीची चळवळ आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, अशीं त्याचीं कारणें अनेक होतीं. त्यांतील शेवटच्या कारणांत एक विचित्र मेख आहे. ज्या यंत्रांवर परदेशच्या गिरण्या सूत काढूं लागल्या, त्यांतलीं कित्येक ॲक्रिंग्टनच्या कामगारांनींच घडविलेलीं होतीं. गिरणगांवांतील चात्या फिरूं लागल्या कीं लँकेशायरमधील एखादी चाती थांबे, आणि दोन्हींवर छाप एकाच कारखान्याची असे. त्या काळांत ज्या क्लबाचा सारा गल्ला मजुरांच्या खिशांतून येई, त्याची अवस्था काय झाली असेल हें सांगावयास नको. तरीहि स्टॅन्ली टिकला. वर चढला नाहीं, पण टिकला, आणि टिकणें हाच त्याचा स्वभाव आहे असें लोक समजूं लागले.

दुसऱ्या युद्धानंतरच्या दशकांत मात्र दिवस पालटल्यासारखे दिसले. वॉल्टर गॅलब्रेथ हा स्कॉटिश गृहस्थ १९५३ सालीं व्यवस्थापक झाला आणि त्यानें आपल्या मुलुखांतून खेळाडू आणण्याचा सपाटा लावला. १९५५ सालीं एका सामन्यांत तर अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडांत जन्मलेले होते. इंग्लिश लीगमध्यें असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. गांवच्या संघांत गांवचा एकहि नाहीं, ह्याबद्दल प्रेक्षकांनीं कुरकुर केली काय? मुळींच नाहीं. सदरा तांबडा होता, तेवढें पुरे होतें. १९५४-५५ सालीं संघ उत्तर विभागांत दुसरा आला, १९५७-५८ सालीं पुन्हां दुसरा. त्या काळीं वरच्या विभागांत फक्त पहिल्या क्रमांकाला प्रवेश मिळे. दोन्ही वेळां दार हातभर अंतरावरून बंद झालें.

येथून उतरण लागली, आणि तिचें निदान करतांना एका वस्तूचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९५८ सालीं ऑल्डरशॉट येथील लष्करी कवाइतींच्या प्रेक्षणीय सोहळ्यासाठीं बांधलेला प्रेक्षकांचा एक मोठा मंडप विक्रीस निघाला. स्टॅन्लीच्या चालकांनीं तो १,४५० पौंडांना घेतला. सौदा स्वस्त वाटला. परंतु तो मोडून, इंग्लंडच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे आणून, पुन्हां उभारण्याचा खर्च मूळ किंमतीच्या कितीतरी पट झाला. शिवाय तो विस्तीर्ण कवाइतीच्या पटांगणासाठीं आखलेला असल्यामुळें त्यांत बसून फुटबॉलचें मैदान नीट दिसत नसे. हत्ती फुकट मिळाला म्हणून बांधून आणावा आणि चाऱ्यानें घर बुडावें, अशी ती गोष्ट. क्लबाच्या मृत्यूचें हें एकमेव कारण नव्हे. परंतु गांव आपली ऐपत विसरलें कीं काय होतें, ह्याची ती खूण होती.

इतर कारणें अधिक व्यापक होतीं. त्याच १९५८ सालीं लीगनें उत्तर-दक्षिण हा भेद काढून संबंध देशाचे तिसरा व चौथा असे विभाग केले. शेजारपाजारचे सामने कमी होऊन प्रवासखर्च वाढला. १९६० सालीं शेजारच्या बर्नलेनें साऱ्या इंग्लंडचें विजेतेपद मिळविलें, आणि त्याच वर्षीं स्टॅन्ली चौथ्या विभागांत घसरला. सहा मैलांवर देशांतील सर्वांत उत्तम संघ खेळत असतां घराजवळ चौथ्या दर्जाचा खेळ पाहण्यास कोणी जावें? १९६१ च्या जानेवारींत खेळाडूंच्या आठवड्याच्या वेतनावरील २० पौंडांची मर्यादा उठली. ही मर्यादा खेळाडूंवर अन्याय करणारी होती ह्यांत शंका नाहीं. परंतु लहान क्लबांना ती कुंपणासारखी राखीत होती, हेंहि तितकेंच खरें.

१९६२ च्या आरंभीं देणें साठ हजार पौंडांवर गेलें. चालकांनीं सल्ल्यासाठीं बर्नलेचे अध्यक्ष बॉब लॉर्ड ह्यांना बोलाविलें. लॉर्ड हे धंद्यानें खाटीक, बोलण्यांत रोखठोक. त्यांच्या मतें क्लब चालविणें शक्य नव्हतें. २ मार्च रोजीं क्रू अलेक्झांड्राच्या मैदानावर स्टॅन्ली ४-० नें हरला. तो त्याचा लीगमधील शेवटचा सामना ठरला. पुढच्या दोन-तीन दिवसांत राजीनाम्याचें पत्र लीगच्या कचेरीकडे रवाना झालें. तें पडतें न पडतें तोंच गांवांत खळबळ उडाली, मदतीचीं आश्वासनें येऊं लागलीं, आणि राजीनामा मागें घेत असल्याचें दुसरें पत्र धाडण्यांत आलें. लीगचे चिटणीस ॲलन हार्डेकर व त्यांची समिति ह्यांनीं दुसरें पत्र मानलें नाहीं. हंगामांत खेळलेले ३३ सामने कोष्टकांतून खोडून टाकण्यांत आले, जणूं ते झालेच नव्हते.

ह्या निर्णयाचा वाद गांवांत कित्येक वर्षें धुमसत राहिला. लॉर्डनीं शेजारधर्म सोडला, असें म्हणणारे होते; हार्डेकरांनीं कायद्याचा कीस काढला, असेंहि म्हणणारे होते. परंतु शांतपणें पाहतां दोष मुख्यतः अलीकडचा नव्हता. मदतीचीं आश्वासनें पत्र गेल्यावर आलीं, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. क्लब आहे तोंवर तो कोणाचाच नसतो, आणि जाऊं लागला कीं सर्वांचा होतो. तीं माणसें महिनाभर आधीं मैदानावर आलीं असतीं तर पत्र लिहिण्याचें कारण पडलें नसतें. हा मनुष्यस्वभाव एकट्या ॲक्रिंग्टनचा नव्हे. आपल्याकडील ग्रंथालयें व नाटकमंडळ्या ह्यांनाहि त्याचा परिचय आहे.

राजीनाम्यानंतर स्टॅन्ली लँकेशायर काँबिनेशन ह्या स्थानिक स्पर्धेंत कसाबसा खेळत राहिला आणि १९६६ सालीं तोहि खेळ संपला. कंपनी बुडाली, पील पार्कावरील मंडप जमीनदोस्त झाले, खेळाडू पांगले. लीगमधील मोकळी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. क्लबाच्या ज्या म्हणून मूर्त गोष्टी असतात, त्यांतली एकहि उरली नाहीं.

आणि तरीहि १९६८ सालीं गांवांतील कांहीं मंडळी एका सभेंत जमलीं व ‘ॲक्रिंग्टन स्टॅन्ली’ ह्याच नांवानें नवा क्लब काढण्याचें त्यांनीं ठरविलें. मैदान निराळें, क्राउन ग्राउंड, कंपनी निराळी, खेळाडू सर्व नवे. १९७० सालीं त्याच लँकेशायर काँबिनेशनमध्यें त्यांनीं खेळावयास आरंभ केला. प्रेक्षक मोजके असत. ह्या क्लबाला पुढें ‘मरण नाकारणारा क्लब’ असें बिरूद मिळालें. बिरूद आकर्षक आहे, परंतु अचूक नाहीं. क्लब मेला होता, त्याचें उत्तरकार्यहि झालें होतें. मरण कोणीं नाकारलें असेल तर तें गांवानें, आणि नाकारण्यापूर्वीं दोन वर्षें त्याला विचार करावा लागला. मूळ अर्थानें हा वारसा कायद्याचा नव्हता. १८९३ नंतर आळीच्या संघानें जें केलें, तेंच पुन्हां झालें: नांव रिकामें पडलें होतें, तें उचलून कोणीतरी अंगावर घातलें.

येथें इंग्लिश फुटबॉलच्या रचनेंतील एक बारकावा लक्षांत घेतला पाहिजे, नाहींतर पुढील कथेचें महत्त्व कळणार नाहीं. १९८७ पर्यंत लीगचें दार बाहेरच्यांना जवळजवळ बंद असे. प्रतिवर्षीं तळाचे चार क्लब पुन्हां निवडणुकीस उभे राहत आणि मतदार कोण, तर लीगमधील इतर क्लबच. ते बहुधा आपल्या ओळखीच्यांनाच मत देत. बाहेरचा क्लब कितीहि चांगला खेळो, तो उमेदवारच राही. १९८७ सालीं ही रीत मोडून, बाहेरच्या स्पर्धेंत पहिला येणाऱ्याला योग्य मैदान असल्यास हक्कानें प्रवेश मिळूं लागला; २००३ सालीं एका जागेच्या दोन झाल्या. सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या संघालाहि तत्त्वतः सर्वांत वर जाण्याचा मार्ग मोकळा झाला. हा बदल झाला नसता तर ॲक्रिंग्टनचें पुनरागमन ही एक भावना राहिली असती. घटना झाली नसती.

मधल्या काळांत क्लबाची आठवण जिवंत ठेवण्याचें काम एका अनपेक्षित साधनानें केलें. १९८९ सालीं इंग्लंडांतील दूधविक्रेत्या मंडळानें दूरचित्रवाणीवर एक जाहिरात केली. लिव्हरपूलचे सदरे घातलेलीं दोन मुलें बोलत आहेत. एक म्हणतो कीं, प्रसिद्ध खेळाडू इयन रश ह्यानें त्याला सांगितलें आहे कीं दूध प्यालें नाहीं तर ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळावें लागेल. दुसरा विचारतो, तो कोणता बरें संघ? सारा देश हंसला. थट्टा म्हटली तर बोंचरी होती. परंतु जे नांव विस्मृतींत जाण्याच्या बेतांत होतें तें लहान पोरांच्या तोंडीं बसलें, आणि क्लबानेंहि त्याचा राग न धरतां ती थट्टा पदरांत घेतली.

पैसा मात्र थट्टेनें येत नाहीं. तो कसा आला, ह्याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. १९९७ सालीं स्टॅन्लीनें ब्रेट ऑर्मरॉड ह्या तरुण खेळाडूस ५० हजार पौंडांना ब्लॅकपूलकडे दिलें आणि करारांत एक कलम घालून ठेवलें: पुढें ब्लॅकपूलनें त्याला विकलें तर येणाऱ्या रकमेचा चतुर्थांश स्टॅन्लीला मिळावा. २००१ च्या डिसेंबरांत साऊदॅम्प्टननें त्याच्यासाठीं दहा लाखांवर पौंड मोजले, आणि ह्या लहान क्लबाच्या पेटींत एकदम लाखों पौंड पडले. १९५८ सालच्या मंडपाचें प्रायश्चित्त ह्या एका कलमानें घेतलें म्हणावयाचें. अध्यक्ष एरिक व्हॅली व १९९९ पासून व्यवस्थापक असलेले जॉन कोलमन ह्यांनीं त्या पैशाचा उपयोग नेटकेपणानें केला. संघ २००० सालीं एक पायरी चढला, २००३ सालीं दुसरी, आणि २००६ सालीं कॉन्फरन्स स्पर्धा जिंकून ४४ वर्षांनीं लीगमध्यें परतला.

त्याच वर्षीं लीगमधून बाहेर पडलेल्या क्लबांत एक नांव ऑक्सफर्ड युनायटेडचें होतें. १९६२ सालीं ज्यानें स्टॅन्लीची रिकामी खुर्ची घेतली तो हाच. मधल्या काळांत तो पहिल्या विभागापर्यंत पोंचला होता, १९८६ सालीं लीग कपहि त्यानें जिंकला होता. कादंबरीकारानें असा शेवट रचला तर वाचक त्याला क्षमा करणार नाहींत. परंतु कोष्टकांत तो छापलेला आहे.

परत येणें आणि राहणें ह्यांत अंतर असतें. २००९ सालीं सरकारी कराचें तीन लाख पौंडांचें देणें थकून क्लब न्यायालयापर्यंत गेला व समर्थकांच्या वर्गणीनें आणि नव्या भांडवलानें जेमतेम वांचला. २०१५ सालीं अँडी होल्ट ह्या स्थानिक कारखानदारानें तो घेतला. २०१८ सालीं कोलमन ह्यांच्याच हाताखालीं संघानें चौथा विभाग जिंकला. तिसऱ्या विभागांत तो पांच वर्षें राहिला आणि २०२३ सालीं पुन्हां खालीं आला. ह्या चढउतारांपेक्षां होल्ट ह्यांच्या काळांतील एक बाब गांवाच्या दृष्टीनें अधिक मोलाची वाटते. परिसरांतील प्राथमिक शाळांच्या एका विशिष्ट इयत्तेंतील सर्व मुलांना क्लबाचा तांबडा सदरा फुकट देण्याची प्रथा त्यांनीं पाडली. कारण स्पष्ट आहे. मँचेस्टर वीस मैलांवर, लिव्हरपूल त्याहून थोडें पुढें. दूरचित्रवाणी तर प्रत्येक घरांत. गांवांतील पोरगा आठव्या वर्षीं ज्या संघाचा सदरा घालील त्याचाच तो जन्मभर राहील, हें चालकांनीं ओळखलें. ११ जानेवारी २०२५ रोजीं स्टॅन्ली एफ. ए. कपाच्या स्पर्धेंत लिव्हरपूलच्या मैदानावर खेळला व ४-० नें हरला. १९५६ सालींहि ह्याच स्पर्धेंत, ह्याच मैदानावर, मूळ स्टॅन्ली २-० नें हरला होता.

ॲक्रिंग्टनची गोष्ट जुन्या काळची म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टमध्यें त्याच भागांतील बरी हा १८८५ सालचा, दोनदां एफ. ए. कप जिंकलेला क्लब कर्जापायीं लीगमधून काढून टाकण्यांत आला. २०२५ च्या उन्हाळ्यांत लँकेशायरच्या किनाऱ्यावरील मोरकँब क्लबाला पगार देण्यासहि पैसे नव्हते, आणि पंजाब वॉरियर्स ह्या ब्रिटिश शीख मंडळींच्या भांडवलानें तो शेवटच्या क्षणीं वांचला. त्याच वर्षींच्या जुलैमध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें फुटबॉलसाठीं स्वतंत्र नियंत्रक नेमणारा कायदा केला. क्लबांच्या हिशेबांवर देखरेख ठेवणें हें त्याचें मुख्य काम. परंतु त्या कायद्यांत कांहीं कलमें निराळ्या जातीचीं आहेत. मैदान विकावयाचें तर नियंत्रकाची परवानगी लागेल. बोधचिन्ह किंवा घरच्या सदऱ्याचा रंग बदलावयाचा तर समर्थकांचें बहुमत लागेल. आणि नांव बदलावयाचें तर फुटबॉल असोसिएशनची संमति. स्टॅन्ली स्ट्रीटवरील मंडळींनीं १८९३ नंतर गांवाचें नांव उचललें तेव्हां, आणि १९६८ च्या सभेंत तें पुन्हां उचललें गेलें तेव्हां, कोणाची परवानगी घेण्याचा प्रश्नच नव्हता. देण्याजोगें कोणी उरलेलेंहि नव्हतें.